व्हीयू२… हे कॉलसाईन आधी कोणाचं होतं?

ही जी खोकाभर कार्डं दिसतायत ना, ती चोरबाजारात मिळाली. क्यूएसएल कार्डं. हॅम म्हणजे हौसेने घरून रेडिओ चालवणारे लोक, आणि कॉलसाईन म्हणजे प्रत्येकाला मिळालेलं रेडिओवरचं ओळखनाव. असे दोन हॅम रेडिओवर बोलले की नंतर पोस्टाने एकमेकांना हे कार्ड पाठवायचे, बोलणं झालं त्याचा पुरावा म्हणून. आता जरा जवळून बघा. पाठवणाऱ्याचं कॉलसाईन केवढ्या मोठ्या अक्षरात छापलंय, नाव-पत्ता सगळं आहे, आणि ज्याला पाठवलं त्याचं मात्र नुसतं कॉलसाईन, तेही शाईपेनाने. खाली तारीख, जीएमटी टाइम, आणि सिग्नलचे मार्क, आरएसटी ५९९, म्हणजे मोर्स, ते टिंब-रेषांचे संकेत, एकदम खणखणीत ऐकू आले.

कॉलसाईनची शेवटची अक्षरं आम्ही झाकलीयत, घरच्यांची तशी इच्छा आहे.

तर ज्याला ही कार्डं आली तो माणूस कोण? व्हीयू म्हणजे भारत, हे १९२९ पासून. त्याआधी वेगळीच पद्धत होती, कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू १९२१ मध्ये २जेके म्हणून ऑन एअर होते. पत्ता शोधायचा तर कॉलबुक. अमेरिकेत छापायचे हे जाडजूड पुस्तक, जगभरच्या हॅम लोकांची नावं-पत्ते त्यात, छापील अंक १९९७ ला बंद झाले पण जुने बरेचसे स्कॅन होऊन नेटवर आहेत आणि आम्ही मागे मागे जात राहिलो. हे बघा, पन्नाशीच्या दशकातला अंक, आपलं कॉलसाईन, पत्ता माटुंगा. आणि हा युद्धाआधीचा. तेच कॉलसाईन, पण नाव एका इंग्रज साहेबाचं, पत्ता कुलाबा!

मधल्या काळात कार्डंच नाहीत. कारण १९३९ ला युद्ध सुरू झालं, सरकारने हॅमची लायसन्स रद्द केली, ट्रान्समीटर पोलिसांत जमा करा म्हणून ऑर्डर निघाली. सगळ्यांनी काही गप्प बसून घेतलं नाही. मुंबईचे नरिमन प्रिंटर, व्हीयू२एफयू, त्यांनी १९४२ मध्ये छोडो भारत चळवळीच्या गुप्त काँग्रेस रेडिओचा ट्रान्समीटर जुळवला, ४२.३४ मीटरवर, आणि त्यावरून उषा मेहता बोलायच्या. आपल्या शहरातल्या एका हॅमच्या हातचं काम हे, शाळेच्या पुस्तकात यायलाच हवं. १२ नोव्हेंबरला गिरगावात पारेखवाडीत धाड पडली, खटला झाला, उषाबेनना चार वर्षं.

कॉलबुकातल्या माटुंग्याच्या पत्त्यावरच्या काकांची मुलगी, म्हणजे आपल्या ताई, आता ठाण्याला असतात. ही काकांची मोर्स की, म्हणजे संकेत वाजवायची दांडी, पितळेची, नॉबवर बोट घासून घासून खळगा पडलाय. ही लॉगबुकं, प्रत्येक कॉन्टॅक्टची एक ओळ, आणि ह्या ओळी त्या खोक्यातल्या कार्डांशी जुळवून बघितल्या, तारीख, टाइम, बँड, तंतोतंत. तेव्हा कुठे खात्री पटली. हॅम लोक गेलेल्या माणसाला सायलेंट की म्हणतात. बाकी ताईंकडूनच ऐका.

ताई सांगतात, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा माळ्यावरचं सामान रद्दीत गेलं, कार्डंही त्यातच.

कुलाब्याच्या साहेबाचं पुढे काय झालं ते शोधणं चालू आहे. तुमच्या घरी, आजोबांच्या ट्रंकेत वगैरे, अशी कार्डं किंवा लॉगबुक असेल तर प्लीज रद्दीवाल्याला देऊ नका, आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि आम्हाला पाठवा, त्यावर ज्याचं कॉलसाईन असेल त्याचं नाव आपण शोधून काढू.