पोपट कधी बोलतो आणि कोणाशी बोलतो

श्रोतेहो, ज्यांच्या घरी पोपट आहे ती माणसे भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमचा पोपट बोलायला कधी लागेल?" त्याचे उत्तर मी देणारच आहे. पण पोपट कितव्या महिन्यात बोलेल यापेक्षा तो कोणाशी बोलेल हे मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या दुसऱ्यावरच अवलंबून असते.

आधी वयाचा हिशेब पाहू. बजरीगर, म्हणजे आपल्याकडे सरसकट लव्हबर्ड म्हणून विकले जाणारे छोटे ऑस्ट्रेलियन पक्षी, तीन-चार महिन्यांचे झाले की शब्दांची जुळवाजुळव करू लागतात. त्यांत नर बोलका आणि मादी क्वचितच बोलणारी. कॉकटील या तुरेवाल्या छोट्या पोपटाचा नर शब्दांपेक्षा शीळ लवकर उचलतो. खरे लव्हबर्ड सहसा बोलतच नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून ती अपेक्षा ठेवू नये. आफ्रिकन ग्रे हा करडा पोपट साधारण वर्षाचा होईपर्यंत नुसता ऐकत राहतो, आणि त्याचे स्पष्ट उच्चार बहुधा बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान कानी पडतात. आपला हिरवा पोपट आठ महिन्यांपासून वर्षापर्यंत केव्हाही सुरुवात करतो. कंठ फुटल्याशिवाय पोपट बोलत नाही, हा समज अनेक घरांत पक्का बसलेला आहे. वास्तविक काळी-गुलाबी कंठी नरालाच येते आणि तीही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, तर मादी कंठाशिवायही उत्तम बोलते.

हिरव्या पोपटाचे नाव घेतले म्हणून एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या देशातले पोपट पकडणे, विकणे आणि घरात पाळणे हा गुन्हा आहे. ढोलीतून काढलेली, अंगावर धड पिसेही न आलेली पिल्ले खोक्यात भरून विकली जातात, आणि त्यातली कित्येक बोलण्याचे वय येण्यापूर्वीच मरतात. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या जुन्या झाडांवर किंवा एम्प्रेस गार्डनमध्ये संध्याकाळी त्यांचे थवे मोकळे पाहायला मिळत असताना त्यांतला एक पिंजऱ्यात आणण्याचे समर्थन मला कुठल्याही अंगाने करता येत नाही. असा पोपट आधीपासून घरात असेल, तर त्याला खिडकीतून सोडून देऊ नये. माणसाळलेला पक्षी बाहेर टिकत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून तो त्यांच्या स्वाधीन करावा.

आता पोपट मुळात बोलतो कसा, याकडे वळू. त्याला आपल्यासारख्या स्वरतंतू असलेल्या स्वरयंत्रातून आवाज काढावा लागत नाही. श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे दुभंगते, तिथे तळाशी पक्ष्यांचे ध्वनियंत्र असते. तिथे निर्माण झालेल्या आवाजाला पोपट आपल्या जाड, स्नायुमय जिभेने आकार देतो, म्हणून त्याचा शब्द इतर पक्ष्यांच्या नकलेपेक्षा आपल्या बोलीच्या जवळ जातो. परंतु यंत्र असणे वेगळे आणि ते वापरायला शिकणे वेगळे. ऐकलेला आवाज स्मरणात ठेवून तो स्वतःच्या गळ्यातून घडवण्याची क्षमता पक्ष्यांत केवळ पोपट, गाणारे पक्षी आणि गुंजनपक्षी (हमिंगबर्ड) या तीन गटांत ठळकपणे आढळते, आणि पोपटाच्या मेंदूत या कामासाठी इतर दोघांपेक्षा वेगळी, जास्तीची रचना असते.

ही क्षमता त्याला माणसाची करमणूक करण्यासाठी मिळालेली नाही. व्हेनेझुएलातल्या एका छोट्या रानपोपटावरचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला या संदर्भात फार मोलाचा वाटतो. संशोधकांनी काही घरट्यांतली अंडी एकमेकांत बदलली, आणि पिल्ले मोठी होताना त्यांची ओळखीची हाक जन्मदात्यांसारखी न होता पालनकर्त्यांसारखी झाली. प्रत्येक पिल्लाला आपली अशी एक हाक मिळते, आणि ती आईबापांकडून शिकलेली असते. बजरीगरांतही जोडी जमली की नर काही आठवड्यांत मादीची हाक उचलतो. थव्यातल्या कोणाशी आपले नाते आहे, हे पोपट आवाजाने सांगतो. पिंजऱ्यात त्याला थवा उरत नाही, उरतो तो तुमचा आवाज, आणि म्हणून तो तुमचा आवाज शिकतो.

हे शिकणे कसे चालते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. दिवेलागणीला पोपट दांडीवर स्थिरावतो, एक पाय पोटाशी घेतो, डोळे अर्धे मिटतात, गळ्याची पिसे किंचित फुलतात, आणि चोच जवळपास बंद ठेवून तो स्वतःशीच पुटपुटू लागतो. त्यात अक्षर सापडत नाही. पण कान देऊन ऐकले तर घरातल्या बोलण्याचा चढउतार ओळखू येतो, कुठे प्रश्नाचा हेल, कुठे कुणाला हाक मारतानाचा लांबवलेला शेवटचा स्वर. पाळण्यातले मूल जसे बोबडे बडबडून पुढच्या बोलण्याची तयारी करते, तशीच ही तयारी असते. घरचे लोक मात्र पहिल्या स्पष्ट शब्दाची वाट पाहत बसतात आणि त्याआधीचे हे काही आठवडे त्यांच्या लक्षातच येत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. या दिवसांत टीव्ही बंद करून त्याच्याजवळ बसावे आणि हळू, स्पष्ट, अर्थासहित बोलावे: पेरूची फोड देताना "पेरू" म्हणावे, घरातून निघताना "येतो हं" म्हणावे.

अर्थासहित का, याचे उत्तर अ‍ॅलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रे पोपटाने दिले. अमेरिकेतल्या संशोधिका आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ साली तो शिकागोच्या एका दुकानातून आणला आणि २००७ साली तो मरेपर्यंत त्याच्याबरोबर काम केले. त्यांची पद्धत अशी, की दोन माणसांनी पोपटासमोर वस्तू हातात घेऊन एकमेकांना विचारायचे आणि उत्तर द्यायचे; बरोबर उत्तराला ती वस्तूच बक्षीस. पोपट ते पाहतो आणि त्या संवादात शिरू पाहतो. अ‍ॅलेक्स सुमारे पन्नास वस्तूंची नावे, सात रंग आणि पाच आकार सांगू शकत असे, शिवाय सहापर्यंतची संख्याही. ध्वनिमुद्रण लावून ठेवले की पोपट शिकेल, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, कारण मोबाइलवरच्या आवाजात समोर कोणी माणूस नसतो. हिरवी मिरची खाऊ घातल्याने जीभ मोकळी होते, हाही असाच निराधार समज. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. पोपट ती खुशाल खातो, इतकेच.

शब्द किती येतील, हे कोणी छातीठोकपणे सांगू नये. पक नावाच्या बजरीगराच्या नावावर १,७२८ शब्दांचा विक्रम आहे, आणि त्याच जातीचे असंख्य पक्षी जन्मभर एकही शब्द बोलत नाहीत. घरात दोन पोपट एकत्र असले की ते एकमेकांची भाषा बोलतात आणि आपली थोडी मागे पडते. त्यात बिघडले काहीच नाही.

गोंगाटाची तक्रार मात्र हमखास होते, विशेषतः सोसायट्यांत, जिथे भिंतीला भिंत लागून असते. पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास पोपट मोठ्याने ओरडणारच; रानात त्या वेळी थवा एकमेकांना गोळा करतो. ही पंधरा-वीस मिनिटे शेजाऱ्यांना विश्वासात घेऊन निभावून न्यावीत. दिवसभराचे किंचाळणे वेगळे, आणि ते बहुतेक वेळा आपणच शिकवलेले असते: तो किंचाळला की कोणीतरी धावत जाते किंवा खोलीतून ओरडते, आणि त्याला उत्तर मिळते. त्याऐवजी त्याच्या हलक्या हाकेला, शिळेला, पुटपुटण्याला तत्परतेने ओ द्यावी. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता मिळाली तर चिडचिडही पुष्कळ कमी होते.

शेवटी त्याच्या गप्प होण्याविषयी. माणूस परगावी गेला, घर बदलले, जोडीदार मेला, तर पोपट काही दिवस बोलत नाही. तेव्हा त्याला सोबत द्यावी. पण बोलका पोपट कारणाविना गप्प झाला, त्याचा आवाज घोगरा झाला, श्वास घेताना शेपटी वरखाली होऊ लागली, तर थांबू नये. धुळीतून किंवा बुरसटलेल्या दाण्यांतून गेलेली बुरशी नेमकी त्या ध्वनियंत्रापाशी वाढू शकते, आणि तिचे पहिले लक्षण पुष्कळदा आवाजातला बदल हेच असते. पोपट आजार शक्य तितका लपवतो. त्यामुळे आवाज बदललेला ज्या दिवशी कळेल, त्याच दिवशी पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे त्याला न्यावे.