तरुणपणीचे खुब्याचे सांधेरोपण : निकाल कसे वाचावेत

खुब्याचे सांधेरोपण रूढ झाले ते मुख्यतः उतारवयातील रुग्णांसाठी. १९६२ साली इंग्लंडमध्ये शल्यविशारद जॉन चार्नली यांनी धातूचा लहान गोळा आणि पॉलिथिलीन या प्लास्टिकची वाटी सिमेंटने बसवण्याची पद्धत वापरात आणली, तेव्हा कृत्रिम सांध्याने रुग्णाला उरलेल्या आयुष्यात साथ द्यावी एवढीच अपेक्षा होती. पस्तिशीतल्या रुग्णाचे उरलेले आयुष्य मात्र चाळीस-पन्नास वर्षांचे असते, आणि अडचण इथेच सुरू होते.

या वयात खुबा निकामी होण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक असतात. स्टेरॉइडचे मोठे डोस, अतिमद्यपान, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किंवा हाडाच्या मानेचे फ्रॅक्चर यांमुळे तो पुरवठा तुटला की हाडाचा काही भाग मृत होतो आणि पुढे भाराखाली खचतो. खचण्याआधी एमआरआयने निदान झाले, तर हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याचा उपाय करता येतो. गोळा एकदा चपटा झाला, की वेदनेवर खात्रीचा उपाय सांधेरोपणाचाच उरतो.

१९७० आणि ८०च्या दशकांत अशा तरुण रुग्णांतील निकाल निराशाजनक होते आणि त्याचा दोष बहुधा रोगट हाडाला दिला गेला. माझ्या मते तो निवाडा अपुरा होता. पॉलिथिलीनची वाटी झिजून सुटणारे सूक्ष्म कण पेशी गिळतात, त्यातून उठलेल्या दाहामुळे सभोवतालचे हाड विरघळते आणि सांधा सैल होतो; तरुण माणूस जास्त चालतो, म्हणून वाटी लवकर झिजते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अधिक घट्ट रासायनिक बंध असलेले पॉलिथिलीन आले, झीज लक्षणीय घटली, आणि याच रोगाच्या तरुण रुग्णांतील निकाल संधिवाताच्या रुग्णांच्या निकालांजवळ पोहोचले. सिकलसेलच्या रुग्णांत मात्र जंतुसंसर्गाचा व इतर गुंतागुंतींचा धोका आजही अधिक आहे. (नवे ते चांगलेच असे मात्र नाही: धातूवर धातू घासणारे सांधे खास तरुणांसाठी म्हणून पुढे आणले गेले, आणि त्यांतील एक बहुचर्चित सांधा २०१०मध्ये बाजारातून परत घ्यावा लागला.)

ब्रिटनमधील नोंदींवर आधारलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, सत्तरीनंतर खुबा बदललेल्यांत आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के, तर पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती सुमारे ३० टक्के आढळली. हा आकडा ऐकून रुग्ण घाबरतात. पण त्यातील शस्त्रक्रिया १९९१ ते २०११ या काळातल्या, म्हणजे बऱ्याच अंशी जुन्या पॉलिथिलीनच्या आहेत. तो आज बसवलेल्या सांध्याला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही चाळिशीच्या आतल्या रुग्णाला दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता पहिल्याच भेटीत सांगितली पाहिजे, आणि ती पहिलीपेक्षा अवघड असते हेही.

म्हणूनच दुखत नसले तरी ठरावीक काळाने एक्स-रे काढावा, कारण हाडाचे विरघळणे बराच काळ वेदनेविना चालू राहते. दुसऱ्या खुब्याचा एमआरआयही वेळेत करावा. अपघाताशी संबंध नसलेल्या रुग्णांत हा रोग पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतो, आणि त्या बाजूचा गोळा कदाचित अजून खचलेला नसतो.