हप्ता आधी येतो, पक्षकार नंतर

(अमळनेर येथे विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या जिल्ह्यात वकिलीचा विषय निघाला की दोन नावं हमखास निघतात. प्रतिभाताई पाटील जळगावच्या कोर्टात वकिली करायच्या, पुढे राष्ट्रपती झाल्या. उज्ज्वल निकम तर जळगावातच कायदा शिकले. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण त्यांच्या काळची फी आणि आजची फी यांचा काही मेळ नाही, म्हणून वकील व्हायला शैक्षणिक कर्ज काढायचं का, याचा विचार करताना ही नावं बाजूला ठेवू.

कागद-पेन घ्या. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स, राष्ट्रीय विधी विद्यापीठ किंवा पुण्या-मुंबईचं खासगी विद्यापीठ. फी आणि राहणं मिळून वर्षाला तीन लाखांचं कर्ज धरा, व्याज १० टक्के. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, सरळव्याज मात्र चढत असतं. सहा वर्षांनी १५ लाखांचे २१ लाख झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला जवळपास पावणेअठ्ठावीस हजार. शिवाय कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते, म्हणजे बापाचं घर नाहीतर प्लॉट.

आता मिळकत बघू. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, की सीनिअरने हाताखालच्या ज्युनिअर वकिलाला शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं. ही शिफारस आहे, सक्ती नाही. (हसू नका, पुढच्या रांगेत दोन सीनिअर बसलेत.) समजा उद्यापासून सगळ्यांनी ती पाळली, तरी हप्ता भरत नाही.

तालुका कोर्टातली सुरुवातीची वर्षं कशी असतात? नक्कल विभागाच्या खिडकीवर उभं राहायचं, पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) टाईप करून आणायची, आणि पुकारा झाला की उठून सांगायचं, ‘साहेब वरच्या कोर्टात आहेत, थोडा वेळ द्यावा.’ स्वतःचा पहिला पक्षकार येतो तो बहुधा भाऊबंदकीतल्या बांधाचा वाद घेऊन, आणि फीचं विचारलं की म्हणतो, ‘कापूस विकला की देतो, वकीलसाहेब.’ कापूस तर भाव येईल म्हणून घरात रचून ठेवलेला! पीककर्जाची फेड निदान हंगाम बघून ठरते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता तुमचा हंगाम विचारत नाही. आणि सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरीही करता येत नाही, म्हणजे जोडधंद्याचा तो रस्ता बंद.

बरेच जण म्हणतात, न्यायाधीशाची परीक्षा देऊ, पगार सुरू झाला की फेडू. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या यापुढच्या भरतीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. हप्ता सुरू होतो एका वर्षानंतर. मधली दोन वर्षं कोण भरणार, हे आधी घरात बसून ठरवा.

माझं म्हणणं असं आहे, की मोठं कर्ज तुम्हाला वकील करत नाही, नोकरदार करतं. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये किंवा कंपनीच्या कायदा विभागात जायचं पक्कं असेल, आणि जिथून तशा नोकऱ्या खरोखर मिळतात अशा वरच्या कॉलेजात क्लॅटमधून (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) नंबर लागला असेल, तर कर्ज काढा, बिनधास्त काढा. अमळनेर, शहादा, चोपड्याच्या कोर्टात उभं राहायचं असेल तर काढू नका. सगळ्यात वाईट गत मधल्या दर्जाच्या खासगी कॉलेजांत जाणाऱ्यांची. फी राष्ट्रीय विद्यापीठाइतकी, इमारत काचेची, आणि नोकरी द्यायला कुणी फिरकत नाही. माहितीपत्रकातला ‘सर्वोच्च पगार’ बघून प्रवेश घेऊ नका. मागच्या बॅचमधल्या मधल्या नंबरच्या मुलाला काय मिळालं ते विचारा. सांगायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

मागे एका काकांनी मला विचारलं होतं, ‘पोऱ्याले वकील करानं शे, वावर इकू का?’ मी म्हटलं, वावर राहू द्या. सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) देऊन जळगाव-धुळ्याच्या कॉलेजात घाला, घरून ये-जा करेल. मुलगी असेल तर आणखी सोपं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटक) मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून असेल तर, शिक्षण शुल्क माफ आहे. सनदेलाही आता हजारो रुपये लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये नोंदणी शुल्क कायद्यातल्या ७५० रुपयांवर आणून ठेवलं, अनुसूचित जाती-जमातींना १२५.

वाचलेल्या पैशातून दोन-तीन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवा. पोरगं तेवढा काळ चांगल्या सीनिअरकडे टिकलं, तर उलटतपासणी शिकून बाहेर पडेल. त्यानंतर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जायचं की इथंच बसायचं, ते त्याचं त्याला ठरवू द्या.