तीनशे मीटरवरचा ठिपका

पहाटेचे तीन वाजलेत आणि बाहेर लख्ख ऊन आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवर जुलैअखेर सूर्य मावळतच नाही.

स्पीकरवरून हाक येते: उजवीकडे, बर्फावर अस्वल! पाच मिनिटांत सगळं जहाज डेकवर. कुणी पायजम्यावरच जाकीट चढवलेलं, कुणाची दुर्बीण खोलीतच राहिलेली.

आणि दिसतं काय? एक ठिपका.

तो ओळखायचा रंगावरून. पांढरं अस्वल बर्फापुढे पिवळट दिसतं, दुधावरच्या सायीसारखं. जहाज थांबतं, पण जवळ जात नाही. २०२५ पासून नॉर्वेचा नियमच आहे: अस्वलापासून ३०० मीटर लांब राहायचं, मार्च ते जूनमध्ये ५००. हातभर लेन्स आणलेली मंडळी हिरमुसतात. अस्वल मात्र बर्फातल्या भोकापाशी पसरलेलं. श्वास घ्यायला सील कधी वर येईल याची वाट बघत, तासन्‌तास. आपण जवळ गेलो तर ते उठणार, आणि तेवढी बैठक वाया.

दुपारी टोरेलनेसेटच्या किनाऱ्यावर वॉलरस, म्हणजे लांब सुळ्यांचे, सीलसारखे अवाढव्य प्राणी. आधी वास येतो, मग ते दिसतात. शिकारीमुळे इथून जवळजवळ संपले होते. १९५२ मध्ये संरक्षण मिळालं.

पण सफरीतलं सगळ्यात जवळचं दृश्य आल्केफ्येलेट या पक्ष्यांच्या कड्याचं. रबरी बोट थेट कड्याच्या पायथ्याशी जाते. काळ्या दगडाचे खांब, आणि त्यांच्या प्रत्येक कंगोऱ्यावर खांद्याला खांदा लावून उभे गिलेमॉट, काळे-पांढरे समुद्रपक्षी. सुमारे ६० हजार जोड्या. घरटं नावालाही नाही, अंडं उघड्या दगडावर. कलकलाट इतका, की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. टोपी घालून बसा, कारण वरून काय पडेल सांगता येत नाही.

(कॅमेरा कंगोऱ्यावर स्थिर)

हे पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं. उडता येत नाही. खालून बाप हाका मारतोय. पायथ्याला कोल्हा येरझाऱ्या घालतोय. उडी चुकून दगडांत पडली, तर त्याचं फावलं.

पिल्लू कडेला येतं. मागे सरतं. पुन्हा येतं.

उडी!

पाण्यात पडलं. बाप शेजारी आला. आता बापाची पिसं गळणार, उडणं त्यालाही जमणार नाही. दोघं वळले, आमच्या बोटीला वळसा घालून खुल्या समुद्राकडे पोहत निघाले.