दिवसाला दोनच जहाजं

[दृश्य : मार्जरी हिमनदीचा कडा. निळसर खांब सुटतो, पाण्यात कोसळतो. मूळ आवाज तसाच ठेवावा.]

बर्फ सावकाश पडल्यासारखा वाटला ना? चित्राचा वेग कमी केलेला नाही. हा कडा पाण्यावर साधारण ७५ मीटर उंच आहे. माथ्यावरून सुटलेल्या तुकड्याला पाण्यापर्यंत पोचायला चारेक सेकंद लागतात. जहाज अर्ध्या किलोमीटरवर असेल, तर आवाज कानाशी यायला आणखी दीड सेकंद. त्यामुळे डेकवर दर वेळी तेच घडतं. कडाडलं की शंभर माणसं वळतात, आणि दिसतात फक्त लाटा. ज्यांना पडताना टिपायचं असेल त्यांनी एखादी रुंद भेग निवडावी, कॅमेरा तिच्यावर लावावा आणि थांबावं.

[दृश्य : कड्यासमोर एकटं जहाज, दूरवरून. आजूबाजूला दुसरं काही नाही.]

अलास्काच्या आग्नेय भागातलं हे ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यान. या चौकटीत एकच जहाज दिसतंय, ते नियमामुळे. दिवसभरात दोन मोठ्या प्रवासी जहाजांनाच इथे शिरता येतं. त्यासाठी आधी परवाना घ्यावा लागतो. बाकीची जहाजं हबर्ड हिमनदीकडे किंवा एन्डिकॉट आर्मच्या चिंचोळ्या खाडीकडे जातात. जाहिरातीत नुसतं ‘अलास्कातल्या हिमनद्या’ छापलेलं असेल, तर कुठली हिमनदी, हे पैसे भरण्याआधीच विचारून घ्यावं.

[दृश्य : व्हँकूवर बंदर, पांढऱ्या शिडांसारखं छप्पर. सामानाच्या रांगा.]

सात दिवसांची फेरी कॅनडातल्या व्हँकूवरपासून. जायचं अमेरिकेत, मग निघायचं कॅनडातून का? कारण १८८६ चा एक अमेरिकन कायदा. परदेशी झेंड्याचं जहाज एका अमेरिकन बंदरातून दुसऱ्या अमेरिकन बंदरात प्रवासी सरळ नेऊ शकत नाही, आणि जवळपास सगळ्या मोठ्या प्रवासी जहाजांवर झेंडा परदेशी असतो. म्हणून प्रवास व्हँकूवरहून तरी सुरू होतो, नाहीतर सिअ‍ॅटलहून निघालेलं जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतं. भारतीय पासपोर्टवर दोन्ही मार्गांना अमेरिकेचाही व्हिसा लागतो आणि कॅनडाचाही. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा हातात आहे म्हणून कॅनडाचा काढायचा राहून जातो, आणि ते कळतं ते विमानतळाच्या खिडकीशी. व्हँकूवरला अमेरिकेची तपासणी जहाजावर चढण्याआधी, धक्क्यावरच उरकते.

[दृश्य : तपासणी यंत्र. बाजूला काढलेल्या किटल्या, इस्त्र्या, एक्स्टेन्शन बोर्ड.]

ही रास रोजची. तापणारी तार असलेली कुठलीही वस्तू जहाजावर चालत नाही. आगीची भीती. चहाची किटली आणि छोटी इस्त्री इथेच ठेवून घेतात, उतरताना परत देतात. कोरडा, पाकीटबंद खाऊ केबिनमध्ये चालतो, पण जहाजावरचं फळ खिशात घालून बंदरावर उतरायचं नाही. शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय होते, मात्र महिना-दोन महिने आधी लेखी कळवलेलं असावं लागतं; चढल्यावर सांगितलं तर पहिले दोन दिवस सॅलडवर काढावे लागतात. स्वयंपाकघरात आणि डेकवर गोव्याचे तारवटी, म्हणजे खलाशी, भेटायची शक्यता दांडगी. त्यांच्याशी दोन शब्द बोललं की आमटीचं बरंच सोपं होतं.

सहा महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक कंपन्या घेत नाहीत. गर्भवतीला प्रवास संपेपर्यंत चोविसावा आठवडा लागणार असेल, तर नाही.

[दृश्य : संध्याकाळ, चिंचोळी सामुद्रधुनी, भोवऱ्यांचं पाणी. मग कृष्णधवल जुनं चित्रण : पाण्यातून उसळणारा धुरळा.]

व्हँकूवरहून निघालेलं जहाज बेटांच्या आडून, आतल्या वाटेनं उत्तरेला जातं. पाणी शांत असतं, पोटात ढवळत नाही. सिअ‍ॅटलहून निघणारी बहुतेक जहाजं व्हँकूवर बेटाच्या बाहेरून, खुल्या प्रशांत महासागरातून जातात आणि तिथे डुलतात. उलटीचा त्रास असलेलं कुणी घरात असेल, तर ही निवड तिकिटाच्या फरकापेक्षा मोलाची. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. गोळी तासभर आधी. सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही.

आतल्या वाटेवर एक अडचण होती, सीमूर नॅरोज. भरती-ओहोटीत इथे पाणी पंधरा नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे अठ्ठावीस किलोमीटरनं धावतं, आणि मधोमध दोन शिखरांचा खडक होता, रिपल रॉक. ओहोटीला वरचं टोक पाण्याखाली जेमतेम पावणेतीन मीटरवर. शंभराहून अधिक बोटी त्यावर आपटल्या किंवा बुडाल्या. वरून तराफा नांगरून छिद्रं पाडायचा प्रयत्न झाला, पण प्रवाहानं नांगराचे दोर तोडले. शेवटी शेजारच्या बेटावरून विवर खोदलं, समुद्रतळाखालून बोगदा नेला आणि खडकाच्या पोटात शिरून सुरुंग भरले. ५ एप्रिल १९५८ ला तेराशेच्या आसपास टन स्फोटकांनी माथा उडवला. कॅनडाच्या दूरचित्रवाणीनं तो स्फोट देशभर थेट दाखवला. आता तिथे ओहोटीलाही चौदाएक मीटर पाणी असतं. प्रवाह मात्र तसाच आहे, म्हणून पाणी स्थिर होण्याची वेळ गाठूनच व्हँकूवरहून निघण्याची वेळ ठरते.

[दृश्य : जुनो. डोंगराच्या पायथ्याशी ओळीनं उभी जहाजं.]

जुनो, अलास्काची राजधानी. बाहेरून इथे येणारा रस्ता नाही. बोट नाहीतर विमान. घड्याळ व्हँकूवरच्या एक तास मागे. बंदरात परतायच्या वेळा जहाजाच्या घड्याळानं पाळायच्या, फोनच्या नाही.

[दृश्य : मेंडेनहॉल हिमनदी, डावीकडे तळं, उजवीकडे नगेट धबधबा.]

धक्क्यापासून वीसेक किलोमीटरवर मेंडेनहॉल. १९६२ मध्ये इथलं माहिती केंद्र बांधलं तेव्हा हिमनदी काचेसमोर होती. आता तिचं टोक दीड किलोमीटरहून अधिक मागे गेलं आहे. ११५ मीटरच्या धबधब्यापर्यंतची वाट सपाट, जाऊन-येऊन तीन किलोमीटर. आजी-आजोबा तासाभरात करू शकतात. चिवड्याची पिशवी बसमध्येच ठेवायची. वाटेवर खायला मनाई आहे, कारण अस्वलं झऱ्याकाठीच असतात. याच हिमनदीच्या कुशीतल्या खोलगटात साठलेलं पाणी २०११ पासून जवळपास दर वर्षी फुटून खालच्या वस्तीत येतं; ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे तीनशे घरांत शिरलं.

सुमारे ३२ हजारांच्या या गावानं २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं घ्यायचं ठरवलं. २०२६ पासून खाटा मोजतात : एरवी सोळा हजार, शनिवारी बारा हजार. म्हणजे एरवीच्या दिवशीही गावाच्या निम्मी माणसं सकाळी उतरू शकतात. ग्लेशियर बेमधला दोनाचा आकडा फार कडक वाटत असेल, तर तो या धक्क्यावर सकाळी दहा वाजता उभं राहून पाहावा.

[दृश्य : स्कॅगवे. अरुंद रूळ, वाफेचं इंजिन, दरीवरचा लाकडी पूल.]

स्कॅगवे. १८९७-९८ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे लोक इथे उतरले. खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे पोलीस बसले होते, आणि माणशी वर्षभराची रसद, सुमारे एक टन, असल्याशिवाय कुणाला पलीकडे सोडत नव्हते. तो टन पाठीवरून, खेपा करकरून वर न्यायचा. घोडे लावले, तर सुमारे तीन हजार घोडे त्या वाटेवर मेले. मग १८९८ मध्ये रेल्वेचं काम सुरू झालं. जुलै १९०० मध्ये ती पूर्ण झाली, आणि तोवर सोन्याची धावपळ ओसरली होती.

रुळांमधलं अंतर ९१४ मिलिमीटर. माथेरानच्या गाडीचं ६१०, म्हणजे ही त्याहून थोरली बहीण. समुद्रसपाटीपासून बत्तीस किलोमीटरमध्ये ८७३ मीटर चढते. चढताना डाव्या बाजूला बसावं, दरी त्या अंगाला आहे. माथ्यावर कुणी उतरत नाही. इंजिन दुसऱ्या टोकाला येतं, बाकांच्या पाठी उलट्या होतात आणि प्रवाशांना बाजू बदलायला सांगतात, म्हणजे उजवीकडच्यांचीही पाळी येते. खिंडीच्या पुढे फ्रेझरपर्यंत किंवा त्यापलीकडे जाणाऱ्या सहलीत कॅनडाची हद्द लागते. पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत ठेवून निघालेल्यांना त्या गाडीत घेत नाहीत.

[दृश्य : पहाट, धुकं. छोटी बोट जहाजाला लागते. दोरशिडीवरून गणवेशातली माणसं चढतात.]

ग्लेशियर बेचं तोंड. बार्टलेट कोव्हहून उद्यानाचे रेंजर येतात. जहाज थांबत नाही, वेग कमी करतं. बोट सोबतीनं चालते आणि माणसं दोरशिडीनं वर येतात. स्थानिक पाण्याचे वाटाडे, म्हणजे पायलट, आधीपासूनच नौकानियंत्रण कक्षात असतात. अलास्काच्या या पाण्यात परदेशी जहाजावर ते सक्तीचे आहेत. इथून पुढचा दिवस ध्वनिक्षेपकावर रेंजर बोलतात. काही जहाजांवर हूना ट्लिंगिट या इथल्या आदिवासी समाजाची व्यक्तीही बोलते, आणि तिचं ऐकायला हवं. हे त्यांचं गाव होतं.

[दृश्य : नकाशा. पांढरा रंग खाली सरकतो, मग वर आक्रसत जातो.]

सुमारे १७०० पर्यंत इथे खाडी नव्हतीच. खोऱ्यात गवताळ जमीन होती आणि तिथे ट्लिंगिट वस्त्या. मग बर्फ पुढे आला, आणि १७५० च्या आसपास तो सर्वात पुढे होता. लोकांनी सामान होड्यांत भरलं आणि सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे वस्ती केली, आजचं हूना. १७९४ मध्ये ब्रिटिश कॅप्टन जॉर्ज व्हँकूवरच्या माणसांना इथे खाडी दिसली नाही, किनाऱ्यात एक खाच आणि बर्फाची भिंत दिसली. १८७९ मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर ट्लिंगिट वल्हेकऱ्यांबरोबर आला तेव्हा ती भिंत ७७ किलोमीटर आत गेली होती. १९१६ मध्ये, १०५ किलोमीटर.

त्याच १९१६ मध्ये विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञानं नुकत्या उघड्या पडलेल्या जमिनीवर चौकोन आखले आणि त्यात काय उगवतं ते मोजायला घेतलं. १९२५ मध्ये या भागाला संरक्षण मिळालं, त्यात त्याचा मोठा हात होता. हूनाच्या लोकांना मात्र स्वतःच्या जागेत सभागृह उभारायला २०१६ उजाडलं.

[दृश्य : काठ सरकतो. दाट सूचिपर्णी रान, मग झुडपं, मग उघडा खडक.]

कूपरचे चौकोन डेकवरून दिसत नाहीत, पण त्यांचा निष्कर्ष दिसतो. तोंडाशी स्प्रूस आणि हेमलॉकचं रान. तिथला बर्फ आधी हटला. आत जावं तसं रान ठेंगणं होतं, मग अल्डरची झुडपं, शेवटी शेवाळ आणि खडक. दुर्बीण ७ किंवा ८ पटीची पुरते. १० पटीची जहाजाच्या कंपनानं थरथरते.

[दृश्य : कुबड्या देवमासा, शेपूट वर. साउथ मार्बल बेटावर समुद्रसिंह.]

देवमासे दिसू लागले की वेगमर्यादा १३ नॉट, आणि वाट खाडीच्या मध्यातून. उद्यानात सांडपाणी सोडायला मनाई आहे.

[दृश्य : पाण्याचा रंग दुधी हिरवा. तरंगते तुकडे. त्यावर सील.]

हा रंग दगडाच्या पिठाचा. हिमनदी खालचा खडक दळत येते. आणि बर्फाची निळाई : दाबानं हवेचे बुडबुडे निघून गेलेला घट्ट बर्फ तांबडा प्रकाश गिळतो, निळा बाहेर सोडतो. ताजा तुटलेला भाग सर्वात निळा. डावीकडे मार्जरी, ३४ किलोमीटर लांब. तिच्या शेजारचा तो काळपट ढिगारा म्हणजे ग्रँड पॅसिफिक हिमनदी, वर दगडमाती घेऊन पसरलेली. अनेक जण तिच्याकडे पाठ करून फोटो काढतात.

कड्यासमोर जहाज तासभर थांबतं आणि आडव्या पंख्यांच्या जोरावर जागच्या जागी वळतं, म्हणून बाल्कनी कुठल्या बाजूची याला इथे महत्त्व नाही. हिमनदीवरून उतरणारा वारा जुलैतही बोचतो. आत ऊबदार थर, मध्ये फ्लीस, वर पाणी न शिरणारं जाकीट. जीन्स नको, ओली झाली की वाळत नाही. फोनची बॅटरी थंडीत भराभर उतरते. खिशात, अंगाशी ठेवावी.

[दृश्य : केचिकन. खांबांवरचा रस्ता, ओढा, पाऊस. कोरीव टोटेम खांब.]

परतीला केचिकन. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, बाराही महिने. टोटेम हेरिटेज सेंटरमध्ये सोडून दिलेल्या गावांतून आणलेले एकोणिसाव्या शतकातले खांब आहेत, आणि ते छपराखाली आहेत.

[दृश्य : दिनदर्शिका. जॉन्स हॉपकिन्स खाडी, बर्फावर सील आणि पिल्लं.]

हंगाम एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्टीला जुळतो तो मे. मे तुलनेनं कोरडा, डोंगरांवर बर्फ भरपूर. पण केचिकनच्या ओढ्यात सॅमन नसतो, तो जुलैअखेरीस चढतो. ट्रेसी आर्म या खाडीचं नाव जुन्या माहितीपत्रकांत सापडेल. १० ऑगस्ट २०२५ च्या पहाटे तिथे डोंगराचा कडा कोसळून प्रचंड लाट उठली, तेव्हा मोठं जहाज जवळ नव्हतं. आणि ग्लेशियर बेमधली जॉन्स हॉपकिन्स खाडी मे ते ऑगस्ट मोठ्या जहाजांना बंद असते, कारण सील तिथे बर्फावर वितात. १ सप्टेंबरला ती उघडते. तेव्हा पाऊस वाढलेला असतो आणि शाळा केव्हाच सुरू झालेल्या.