चाकणची गाडी आणि तीनशेची रेस

पुणे-नाशिक हायवेला चाकण लागतं, तिथलं ट्रॅफिक सगळ्यांना माहितीये. याच चाकणला बजाजच्या प्लांटमध्ये एक गाडी बनते, केटीएम आरसी ३९०, कॉलेजच्या पार्किंगमध्ये दिसते तीच. आणि हिच्याच रेसिंग आवृत्तीवर जेफ्री बाउस नावाच्या डच पोराने २०२३ मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली.

ही चॅम्पियनशिप म्हणजे वर्ल्ड सुपरस्पोर्ट ३००. २०१७ ला सुरू झाली, २०२५ पर्यंत चालली, वर्ल्ड सुपरबाइक म्हणजे शोरूमवाल्या मोठ्या गाड्यांच्या चॅम्पियनशिपच्याच वीकेंडला, त्याच ट्रॅकवर. मोटोजीपी, म्हणजे बाइक रेसिंगमधली सगळ्यात मोठी चॅम्पियनशिप, तिची गाडी फक्त रेससाठी बनवतात, ती तुम्हाआम्हाला शोरूममध्ये मिळत नाही. इथे शोरूमचीच गाडी घ्यायची आणि तिला रेससाठी तयार करायचं, त्यामुळे ज्याच्या घरी रेसिंगचा फार पैसा नाही अशा पोरालाही थोडी आशा असायची.

आता ही गाडी जरा जवळून बघा. हेडलाइट नाही, तिथे नुसता नंबर. आरसे, इंडिकेटर, साइड स्टँड, सगळं काढलंय. इथे खाली ऑइलच्या बोल्टला बारीक तार पिळून बांधलीये, दिसतेय का? तो बोल्ट चुकून सैल झाला आणि ट्रॅकवर ऑइल सांडलं तर मागून येणारी सगळी पोरं घसरणार, म्हणून ती तार. एक्झॉस्ट बदललाय, सस्पेन्शनचं काम केलंय, टायर सगळ्यांना पिरेलीचेच. बाकी फ्रेम तीच आणि इंजिनही मुळात तेच.

पण नावात ३०० असलं तरी इंजिनं एकसारखी नव्हती ना. यामाहा आर३ ची ३२१ सीसी, कावासाकी निन्जा ४०० ची ३९९, होंडा सीबीआर ५००आर ची ४७१, आणि आपली केटीएम ३७३, तीही सिंगल सिलिंडर. मग बरोबरी कशी करायची, तर कुणाला आरपीएमची म्हणजे इंजिन किती जोरात फिरेल याची मर्यादा घालायची, कुणाचं वजन वाढवायचं, आणि सीझन चालू असतानाही हे आकडे बदलायचे.

याचा परिणाम असा व्हायचा की सरळ रस्त्यावर कुणालाच कुणाला सोडून पळता यायचं नाही. पुढचा हवा कापायचा, मागचा त्याच्या पाठीला चिकटून, हनुवटी टाकीवर टेकवून, कोपरं आत घेऊन यायचा आणि शेवटच्या क्षणी बाहेर निघून पुढे जायचा, मग पुढच्या लॅपला तोच खेळ उलटा. दहा-बारा गाड्यांचा घोळका एकत्र फिनिश लाइनकडे यायचा आणि कोण जिंकलं ते घड्याळच सांगायचं. मला विचाराल तर याच्याइतकी बघायला भारी रेस दुसरी नव्हती.

२०१८ चा शेवटचा राउंड, फ्रान्समधलं मॅनी-कूर. स्पेनची आना कारास्को, वय २१. आदल्याच वर्षी पोर्तुगालमध्ये पोर्टिमाओला ती जिंकली होती, सोलो (साइडकार नसलेल्या) मोटरसायकलची वर्ल्ड चॅम्पियनशिप रेस जिंकणारी पहिली बाई. २०१८ ला इटलीतलं इमोला मारलं, इंग्लंडमधलं डोनिंग्टन मारलं, पॉइंट्समध्ये पुढे होती. आणि शेवटच्या रेसला ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, जागा मिळाली पंचविसावी! पुढे एवढी गर्दी, एक चूक आणि वर्षभराची मेहनत पाण्यात. ती तेरावी आली. फक्त तेरावी. तिकडे मिका पेरेझ दुसरा आला, पहिला आला असता तर पाच पॉइंट जास्त मिळून टायटल त्याचं झालं असतं. आना ९३, पेरेझ ९२. एका पॉइंटने वर्ल्ड चॅम्पियन, आणि तीही पोरांच्याच ग्रिडवर, वेगळ्या लेडीज क्लासमध्ये नाही.

पण मघाशी ज्या घोळक्याचं कौतुक केलं ना, त्याचीच दुसरी बाजू सांगायला हवी. २५ सप्टेंबर २०२१, स्पेनमधलं हेरेझ. डीन बेर्ता विन्यालेस, मोटोजीपीवाल्या मॅव्हरिकचा चुलत भाऊ, त्याचा हा पहिलाच सीझन. इतक्या जवळ गाड्या असताना एक पडला की मागच्याला ब्रेक मारायला वेळच नसतो. त्या अपघातात डीन गेला. पंधरा वर्षांचा होता. त्या दिवशीच्या उरलेल्या रेस रद्द झाल्या.

पंधरा म्हणजे आपल्याकडे दहावीचं वय. त्यानंतर नियम बदलले, २०२३ पासून नव्या रायडर्ससाठी किमान वय १८ झालं. हे आधीच व्हायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. २०२२ मध्ये पोर्टिमाओच्या अपघातानंतर याच चॅम्पियनशिपचा डच रायडर व्हिक्टर स्टीमनही गेला, २२ वर्षांचा, म्हणजे वय वाढवून सगळा धोका संपला असंही नाही.

२०२४ ला त्याच हेरेझवर इंडोनेशियाच्या अल्दी सत्या महेंद्रने यामाहा आर३ वर टायटल पक्कं केलं. रोड रेसिंगमधला इंडोनेशियाचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन. तिकडेही आपल्यासारखीच घरोघरी टू-व्हीलर, आणि तिथला पोरगा थेट वर्ल्ड चॅम्पियन झाला.

२०२५ हा तीनशेचा शेवटचा सीझन. २०२६ पासून तिच्या जागी वर्ल्ड स्पोर्टबाइक आली, एप्रिलिया आरएस ६६०, यामाहा आर७, सुझुकी जीएसएक्स-८आर, मोठ्या आणि महाग गाड्या. चाकणला मात्र आरसी ३९० अजून बनतेय.