डिपस्टिकवर चहाचा रंग

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्यात बॉनेट उघडून ऑइलचं झाकण काढलं आणि आतून पांढुरका फेस दिसला, की मनात पहिलं येतं, इंजिन गेलं! इतक्यात हाय खाऊ नका. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, ओढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढा.

फेस फक्त झाकणाला आहे, डिपस्टिकवरचं ऑइल नेहमीसारखं आहे, इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंटही कमी झालेलं नाही? मग तो बहुधा दमट हवेचा प्रताप. घर ते स्टेशन एवढीच गाडी चालली तर ऑइल पुरतं तापत नाही आणि आतली वाफ झाकणाला धरते. झाकण पुसा आणि एखाद्या रविवारी गाडी हायवेवर अर्धा-पाऊण तास सलग पळवा.

डिपस्टिकवरच दुधाच्या चहाचा रंग असेल तर मात्र ऑइलमध्ये पाणी शिरलंय. बहुतेक वेळा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, उडालेलं असतं. कधी हेडला तडा, कधी ऑइल थंड करणारा ऑइल कूलर आतून फुटलेला. मिस्त्री लगेच "हेड खोलू" म्हणाला, तरी आधी कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट आणि सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करायला लावा. दोष कूलरचा आणि खर्च हेडचा, असं नको. हेड उतरवलंच, तर ते सपाट आहे का हे तपासून घ्या. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट टिकत नाही.

आता आवाज. वरून बारीक टिकटिक आली तर ती बहुधा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची. आधी ऑइलची पातळी बघा. खालून जड ठकठक येत असेल आणि रेस दिल्यावर वाढत असेल, तर संशय बिग एंड बेअरिंगचा, म्हणजे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला, इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जोडतो तिथल्या बेअरिंगचा. पाणी मिसळलेल्या ऑइलचा थर बेअरिंगवर टिकत नाही, मग धातू धातूवर घासतो. जुने फिटर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि आवाजाची जागा नेमकी हुडकतात. तुम्ही करून बघणार असाल तर पंखा आणि बेल्टपासून लांब राहा.

दुधाळ ऑइल आणि ठकठक दोन्ही असतील तर चावी फिरवूच नका. "गॅरेजपर्यंतच तर न्यायचीय" या हट्टापायी क्रँकशाफ्टची वाट लागते. गाडी टो करून न्या. साचलेल्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीलाही स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट कव्हर वेगळं घ्यावं लागतं. तुमच्या पॉलिसीत ते आहे का, हे पाऊस लागण्याआधीच बघून ठेवा.